कांतीचा दरवाजा वर जातो

गाडीचा दरवाजा नीट बसला आहे की नाही, हे मी पाठमोरा उभा राहूनही सांगू शकतो. लावताना "धप्प" असा एकच आवाज आला पाहिजे. "धप्प" आणि मागून "टक" आलं, तर लॉक खाली उतरलंय. "ठण्ण" आलं, तर आतला पत्रा सुटलाय. आणि दोनदा-तीनदा आपटूनही मालक पुन्हा हँडल ओढून बघत असेल, तर तो दरवाजा आधी दुसऱ्या कुणीतरी बसवलेला आहे.

चारोटीला हायवेच्या कडेला माझं गॅरेज होतं. मी डेंटर. म्हणजे गाडी ठोकली की पत्र्याला पोचे येतात, ते ठोकून सरळ करणारा. इंजिनातलं मला फारसं कळत नाही आणि कळतं असं मी कधी म्हटलंही नाही. पण दरवाजा माझा. डहाणूपासून तलासरीपर्यंत कुणाचा दरवाजा लोंबला की लोक सांगायचे, चारोटीला वसंतकाकाकडे जा. हे ऐकायला मला फार आवडायचं, ते लपवण्यात काही अर्थ नाही.

बाहेरच्या माणसाला वाटतं, दरवाजात एवढं काय आहे? सांगतो. ड्रायव्हरच्या बाजूचा दरवाजा कायम आधी लोंबतो, कारण माणसं गाडीतून उतरत नाहीत, दरवाजाला धरून स्वतःला वर ओढून काढतात. आमच्याकडचे काही बागायतदार तर अंगापिंडाने असे, की त्यांच्या गाडीच्या दरवाजाचे कब्जे, म्हणजे बिजागऱ्या, दर दोन वर्षांनी माझ्याकडे यायचेच. मग दरवाजाखाली जॅक लावायचा, मध्ये लाकडाचा ठोकळा ठेवायचा आणि अर्ध्या अर्ध्या दोऱ्याने, म्हणजे जेमतेम दीड-दोन मिलिमीटरने, उचलत न्यायचं. बसला असं वाटलं की वर्तमानपत्राची एक पट्टी फाडून फटीत धरायची, दरवाजा लावायचा आणि पट्टी ओढायची. सहज निघाली तर रबर ढिलं, फाटली तर फार घट्ट. अडखळत, कुरकुरत निघाली की दरवाजा बसला.

समुद्राकडच्या गाड्यांचं वेगळंच. खारी हवा दरवाजाला खालून खाते. पाणी निथळायची भोकं वाळूने आणि पानांनी बुजतात आणि दरवाजाच्या पोटात पाणी साठतं. एकदा डहाणूच्या एका मास्तरांची जीप आली, दरवाजात काहीतरी खुळखुळतं म्हणून. आतलं अस्तर काढलं तर चिकूच्या बिया, एक फणी आणि सोन्याची एक कुडी. मास्तरांच्या बायको बाजूलाच उभ्या होत्या. कुडी बघितल्यावर त्या खाली बसल्या. त्या एका कुडीवरून सहा वर्षं नणंदेशी बोलणं बंद होतं. आठवड्याने माझ्याकडे चिकूची पेटी आली, ती नणंदेकडून.

अशा गोष्टी माझ्याकडे पुष्कळ आहेत आणि त्या सांगण्यात माझंही बरं दिसतं. पण हे लिहायला बसलो तेव्हा ठरवलं, की जिच्यात माझं बरं दिसत नाही तीच लिहायची. ती कांतीची आहे.

कांतीलाल आणि मी वापीला एकाच उस्तादांच्या हाताखाली शिकलो. तो तलासरीचा, मी आशागडचा. वय एकच, बसही एकच. उस्ताद बोलायचे कमी, पण दोन गोष्टी त्यांनी डोक्यात ठोकून बसवल्या होत्या. पहिली, पत्रा डोळ्याने नाही, बोटांनी बघायचा. पोचा काढल्यावर डोळ्यांना सगळं सपाट दिसतं. बोटांची टोकं हळू फिरवली की लाट कळते. दुसरी, गिऱ्हाइकासमोर दुसऱ्या कारागिराच्या कामाला नावं ठेवायची नाहीत. "आज त्याची चूक उघडी पाडशील, उद्या तुझी पडेल," असं म्हणायचे. हा नियम आम्ही दोघांनीही पाळला. मी तर जरा जास्तच पाळला, ते पुढे येईल.

वापीला असताना दरवाजे उस्ताद माझ्याकडे द्यायचे आणि बॉनेट, मडगार्ड कांतीकडे. कांतीने एखादा दरवाजा बसवलाच, तर मी येता-जाता तो एकदा उघडून लावायचो. बोलायचो काही नाही. फक्त ऐकायचो आणि पुढे जायचो. कांतीचं तोंड बघायला मजा यायची. पुढे मी चारोटीला बसलो, तो तलासरीला. सणाला येणं-जाणं, मुलांच्या लग्नात आहेर, सगळं व्यवस्थित.

आता २०१४ सालातला एक रविवार. मुंबईकडच्या हौशी लोकांच्या बुटक्या, भपकेबाज गाड्या हायवेने गुजरातकडे जायच्या. आधी आवाज यायचा, मग गाडी. त्यातली एक पिवळी गाडी चारोटीला थांबली आणि मालक ती सावलीसाठी थेट माझ्या पत्र्याच्या शेडखाली घेऊन आला. कांती त्या दिवशी माझ्याकडे आला होता, गॅसची नळी परत द्यायला. गाडी थांबली. दरवाजा उघडायची वाट बघत आम्ही बाजूला सरकलो, आणि दरवाजा बाजूला आलाच नाही. तो वर निघाला. माझ्या शेडचा पत्रा खाली उतरता, त्याची धार थेट दरवाजाच्या कडेवर येणार. मी धावत जाऊन मध्ये हात घातला. मालक आतून ओरडला, "अरे हात लावू नका!" मग त्याने वर बघितलं आणि दरवाजा खाली घेतला.

गाडी उन्हात काढली. मालक चांगला माणूस निघाला, त्याने दरवाजा दोन-चार वेळा वर-खाली करून दाखवला. आणि म्हणाला, हा तर एकच प्रकार. काही गाड्यांचे दरवाजे छतालाच कब्ज्याने टांगलेले असतात, दोन्ही उघडले की गाडी पंख पसरल्यासारखी दिसते. काही तिरके, वर आणि बाहेर जातात. काहींचे मागच्या बाजूने उघडतात, जुन्या कपाटासारखे उलटे. एका गाडीचा तर म्हणे खाली सरकून गाडीच्या पोटात जातो. मला पहिल्यांदाच कळलं, की दरवाजा या विषयात मला ठाऊक नसलेलंही काही आहे.

"नखरे आहेत सगळे," मी म्हटलं. "पावसात उघडला की पाणी थेट सीटवर."

कांतीने ऐकलंच नाही. तो त्या तापलेल्या जमिनीवर उताणा झोपला होता, शर्टासकट, आणि मडगार्डच्या फटीतून कब्जा बघत होता. "शेठ, परत एकदा करा ने. हळू. अजून हळू." मालकाने हसत हसत केलं. कांती उठला तेव्हा त्याच्या पाठीला सगळं डांबर आणि ग्रीस लागलेलं. तो मला म्हणाला, "वसंता, हा सरळ वर नाय जात. आधी जरासा बाहेर येतो, मग वर."

"असू दे," मी म्हटलं.

दोन वर्षांनी त्याने तो दरवाजा केला. डहाणूला चिकूची मोठी वाडी असलेल्या घरातला हेमंत नावाचा मुलगा त्याच्याकडे गेला होता. नवीन लग्न झालेलं, हौस दांडगी. साधी चार दरवाजांची गाडी, आणि त्याला पुढचे दोन दरवाजे वर जाणारे पाहिजे होते. खरं म्हणजे तो आधी माझ्याकडे आला होता. मी त्याला म्हटलं, "तुझ्या घराचा दरवाजा वर जातो का? मग गाडीचा कशाला?" माझ्या बोलण्यावर मीच खूष होतो. तो हसला आणि तलासरीला गेला.

कांतीने जाड लोखंडाच्या पट्टीतून कब्जे कापले. दरवाजा वर गेल्यावर तो तिथे धरून ठेवायला काहीतरी पाहिजे, त्यासाठी डिकीचं झाकण उचलून धरणारा गॅसचा शॉकर असतो, तो वापरला. चार महिने खपला. आणि एका सकाळी तलासरीच्या नाक्यावर हेमंतने गाडी उभी करून दरवाजा उघडला, तेव्हा बस पकडायला आलेल्या माणसांनी बस सोडून दिली असं म्हणतात. मी तिथे नव्हतो. पण मला चौदा जणांनी येऊन सांगितलं, आणि प्रत्येकाने हात वर करून दाखवलं, असा जातो, असा.

मी जळलो. दुसरा शब्द नाही त्याला. उंबरगाव, वलसाडकडून लोक कांतीचा दरवाजा बघायला यायला लागले. माझ्याकडे तीस वर्षं येणारी माणसं मोबाइल पुढे करायची, "काका, हे बघितलं का?" मी विचारायचो, "आरटीओने धरलं तर?" तो प्रश्न खराच होता, पण मी तो कायद्याच्या काळजीने विचारत नव्हतो. पावसात काय होईल, जाड माणूस कसा उतरेल, कमी उंचीच्या शेडमध्ये काय करशील, हे सगळं मी गावभर विचारत फिरलो. कुणालाच त्याची फिकीर नव्हती.

शेवटी मी भंगारातून एक गाडीचा सांगाडा आणला आणि मागच्या बाजूला कुणाला न सांगता स्वतः करायला घेतलं. माझा दरवाजा वर जायचा. पण निघतानाच मडगार्डला घासायचा, आणि खाली आला की बोटभर फट राहायची. मी कब्जा बारा वेळा कापला. आधी जरासा बाहेर येतो, मग वर, हे कांतीने मला तेव्हाच सांगितलं होतं. पण बाहेर म्हणजे किती, कुठल्या कोनात, ते जमिनीवर झोपल्याशिवाय दिसणारं नव्हतं, आणि मी त्या दिवशी उभा राहिलो होतो. सांगाड्यावर मी ताडपत्री टाकली. मंदाने, म्हणजे माझ्या बायकोने विचारलं, हे काय आहे? मी म्हटलं, भंगार.

२०१८ च्या थंडीत हेमंत गाडी घेऊन माझ्याकडे आला. मागच्या दरवाजाला कुणीतरी टेम्पो घासला होता. मागचा दरवाजा साधा, म्हणून माझ्याकडे. काम तासाभराचं. तो चहा प्यायला पलीकडच्या हॉटेलात गेला आणि मी दोन वर्षांत पहिल्यांदा कांतीच्या दरवाजासोबत एकटा राहिलो.

उघडला. अलगद वर गेला आणि थांबला. सुरेख थांबला. मग मी टॉर्च घेऊन आत बघितलं, चूक शोधण्याकरताच बघितलं. आणि चूक होती.

तो सगळा जड दरवाजा ज्या शॉकरवर तोललेला होता, त्याचं खालचं टोक कांतीने मडगार्डच्या आतल्या पातळ पत्र्याला बोल्टने जोडलं होतं. अशा बोल्टच्या मागे लोखंडी पट्टी मारावी लागते, म्हणजे ओझं सगळ्या पत्र्यावर पसरतं. पट्टी नव्हती. आणि बोल्टच्या कडेने केसाएवढी चीर निघालेली होती, तिच्या काठाला गंजाची लाल रेघ. मी बोटाचं टोक फिरवलं. चीर बोटाला लागली. हा पत्रा आज ना उद्या फाटणार आणि दरवाजा खाली येणार, हे मला तिथल्या तिथे कळलं.

हेमंत तोंड पुसत आला. "काय काका, कांतीशेठचं काम बघताय? कसं वाटतं?"

मी टॉर्च विझवली. उस्तादांचा नियम माझ्या तोंडाशी तयारच होता, गिऱ्हाइकासमोर दुसऱ्याच्या कामाला नावं ठेवायची नाहीत. "चांगलं आहे," मी म्हटलं. आणि एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. "एक नंबर काम आहे," असंही म्हटलं.

उस्तादांनी गिऱ्हाइकासमोर बोलू नका असं सांगितलं होतं. एकमेकांना सांगू नका असं ते कधीच म्हणाले नव्हते. कांतीचा नंबर माझ्या मोबाइलमध्ये पहिल्या पाचांत होता. मी तो रोज काढायचो. "हॅलो कांती, ती पट्टी मार रे," एवढंच वाक्य. मंदा एकदा वैतागली. "फोन करायचा तर करा, नाहीतर ठेवा तो बाजूला. हातात धरून काय बसलाय?" मी ठेवला बाजूला.

कारण मला तो दरवाजा पडलेला बघायचा होता. खोटं कशाला बोलू. तलासरीच्या नाक्यावर, त्याच माणसांसमोर, खाडकन खाली यावा आणि लोकांनी म्हणावं, बघा, शेवटी चारोटीचा वसंताच. हे चित्र मी मनात इतक्या वेळा रंगवलं, की त्यात नाका होता, बस होती, पानवाला होता. दरवाजाच्या खाली मात्र कधीच कुणी उभं नव्हतं. ते माझ्या मनातच आलं नाही.

चैत्रात आमच्याकडे महालक्ष्मीची जत्रा भरते. चारोटीला त्या दिवसांत पाय ठेवायला जागा नसते. हेमंतने गाडी हॉटेलाच्या बाजूला लावली होती, कांतीही तिथेच होता, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून. जत्रेला आलेली माणसं गाडीभोवती गोळा झाली. जो तो म्हणायचा, "उघडून दाखवा ने, शेठ," आणि कांती उघडून दाखवायचा. वर, खाली. वर, खाली. सकाळपासून हेच चाललेलं. मी माझ्या गॅरेजच्या दारात उभा राहून बघत होतो. दुपारी राहवलं नाही म्हणून जवळ गेलो. काळजीने गेलो असं लिहायला हात वळवळतोय, पण मी कौतुक ऐकायला गेलो होतो, जळायला.

"ये वसंता!" कांतीने हाक मारली. "बघ, लाइन लागलीय आपल्या दरवाजाला."

'आपल्या' म्हणाला तो.

डोंगरीकडच्या पाड्यावरून आलेली एक म्हातारी पुढे झाली. डोक्यावर ताडगोळ्यांची टोपली होती, ती तिने खाली ठेवली. "मना बघू दे रं, आत कसा हाय," म्हणत ती वर उचललेल्या दरवाजाखाली वाकली आणि सीटवर हात फिरवायला लागली. कांती कौतुकाने बघत होता. माझी नजर आपोआप त्या बोल्टकडे गेली. चीर आता केसाएवढी नव्हती. पत्रा ओठासारखा उलटला होता.

"कांती, धर!"

एवढंच ओरडलो. पुढे कड्डकन आवाज झाला. कांतीने डाव्या हाताने म्हातारीला बाहेर ओढलं आणि उजवा हात दरवाजाखाली घातला. म्हातारी टोपलीवर पडली, तिला खरचटलंही नाही. दरवाजा कांतीच्या हातावर आला. त्याने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "जॅक आण."

मी जॅक आणला. ठोकळा लावला. अर्ध्या अर्ध्या दोऱ्याने उचलायला वेळ नव्हता.

डहाणूला दवाखान्यात मीच घेऊन गेलो. रस्ताभर तो रुमालात हात धरून बसला होता. "चूक माझीच," म्हणाला. "आतून पट्टी मारायला पायजे होती. पण तुझी नजर म्हणजे, वसंता! एका सेकंदात दिसलं तुला. तू नसतास तर ती म्हातारी गेली असती." मी गाडी चालवत राहिलो.

उजव्या हाताची दोन बोटं पहिल्या पेरापासून गेली. तर्जनी आणि मधलं. ज्या टोकांनी पत्रा बघायचा, तीच.

आणि मग माझं कौतुक सुरू झालं. दोन वर्षं ज्याची वाट बघितली ते. चारोटीच्या हॉटेलात, तलासरीच्या नाक्यावर, सगळीकडे एकच. वसंतकाकांची नजर बघा, उभ्या उभ्या ओळखलं. ती म्हातारी आपल्या सुनेला घेऊन मला भेटायला आली, पुन्हा ताडगोळे घेऊन. मी घेत नव्हतो, तिने बळेच ओट्यावर ठेवले. ते मी खाऊ शकलो नाही. मंदाने सोलून समोर ठेवले तर मी उठून बाहेर गेलो.

दोन महिने काढले. मग एका मंगळवारी, गॅरेज बंद असतं त्या दिवशी, तलासरीला गेलो. कांती स्टुलावर बसून डाव्या हाताने हातोडी धरायचा सराव करत होता. एक जुनं मडगार्ड पुढ्यात होतं. हातोडी पडायची भलतीकडेच. मला बघून त्याने ती खाली ठेवली आणि घरात चहा सांगितला.

मी चहा यायच्या आत बोललो, नाहीतर बोललोच नसतो. "कांती, मला ती चीर जत्रेत दिसली नाही. थंडीतच दिसली होती. हेमंत गाडी घेऊन आला होता तेव्हा. मी तुला सांगितलं नाही."

मला वाटलं, आता उठेल आणि दोन ठेवून देईल. खरं तर मला तेच पाहिजे होतं.

"माहीत आहे मला. दवाखान्यातून घरी आल्यावर लक्षात आलं," तो म्हणाला. "गाडी तुझ्याकडे येऊन गेली, आणि तुला चीर दिसली नाय, असं होईल काय?"

"मग इतके दिवस..."

"थांब. तुला अर्धंच माहीत आहे." त्याने पट्टी बांधलेला हात मांडीवर ठेवला. "मला पण डाउट होता त्या बोल्टचा. पहिल्या वर्षापासून. झोप नाय यायची. थंडीत मी हेमंतला फोन केला, बोललो, गाडी आण, आतून पट्टी मारायची राहिलीय. तर तो बोलला, काय टेन्शन घेता कांतीशेठ, आत्ताच चारोटीच्या काकांनी टॉर्च मारून बघितलं. एक नंबर काम आहे बोलले. मी त्याला दोनदा विचारलं. वसंता बोलला? असंच बोलला? तो बोलला, हा. मग मी बोललो, मग राहू दे. वसंता चांगलं बोलला म्हणजे झालं."

चहा आला. कांतीच्या बायकोने कप ठेवले आणि ती उभी राहिली.

"वापीपासून तू माझा दरवाजा उघडायचास, लावायचास आणि काय न बोलता जायचास," कांती म्हणाला. "साध्या दरवाजात तुझ्यासमोर माझा कधी नंबरच नव्हता. म्हणून तर मी हे वर जाणारं काढलं. तू एक नंबर बोललास हे कळलं, त्या दिवशी मी घरी पेढे आणलेले. विचार हिला."

मी तिच्याकडे बघितलं. तिने मान हलवली.

२०१९ मध्ये मी गॅरेजचं शटर कायमचं ओढलं. भंगारातला तो सांगाडा कांतीला दाखवला, तर त्याने खाली वाकून एका मिनिटात सांगितलं, दरवाजा दोन बोटं अजून बाहेर घ्यायला पाहिजे होता. मग स्वतःच्या हाताकडे बघून हसला. मी हसलो नाही.

आता मी दर मंगळवारी तलासरीला जातो. कांती सांगतो, मी कापतो. पत्र्यावर बोटं माझी फिरतात, लाट कुठे आहे ते मी सांगतो आणि हातोडी तो मारतो, डाव्या हाताने. वर जाणारे दोन दरवाजे आम्ही असे केले. प्रत्येक बोल्टच्या मागे पट्टी आहे, मी स्वतः चाचपून बघितली आहे. बघायला येणारे त्याला कांतीशेठचा दरवाजा म्हणतात आणि मला विचारतात, तुम्ही इथे कामाला का? तेव्हा अजूनही आत काहीतरी चरचरतं. गेलं असं मी म्हणणार नाही.

दुसरा दरवाजा झाला त्या दिवशी कांतीने तो वर नेला आणि हात काढून घेतला. दरवाजा जिथे सोडला तिथे थांबला, केसभरही हलला नाही. तसा दरवाजा मी आयुष्यात केलेला नाही. कांती माझ्याकडे बघत उभा राहिला, वापीला बघायचा तसाच. काम खरोखरच एक नंबर होतं. पण ते म्हणायची सोय मी माझ्या हाताने घालवली आहे. मी खाली वाकलो, टॉर्च मारली आणि पट्टी पुन्हा एकदा चाचपली.